मान हलली की

रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमधला पियानो
मे महिन्यात बेसूर व्हायचा.
सत्तेचाळीस डिग्रीत लोखंड फुगतं, लाकूड आक्रसतं,
हे भुसावळात लोको शेडच्या पोरांनाही ठाऊक.
मिस ओब्रायन त्याच्या पोटात, अगदी तळाशी,
पाण्याचं मडकं ठेवायची.
ते भरायचं काम माझं.
आठ वर्षांचा होतो.
ताईचं वाजवणं म्हणजे माझ्यासाठी
अंधारात त्या पाण्यावर उठणारे काटे,
एवढंच.

फी परवडणारी नव्हती. वडील बॉयलर फिटर.
आई बामणोदची वांगी धाडायची, कधी केळीची फणी.
मिस चमच्यानं भरीत खायची,
डोळ्यांतून पाणी, नाक लाल,
आणि म्हणायची, "गुड. वन्स मोअर."
भरताला की ताईला
ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मला ती स्वरलिपी कधी वाचता आली नाही.
तारांवर मुंगळ्यांनी संसार मांडावा, तसं दिसायचं.
पण ताईची मान हलली की पान उलटायचं.
कोपरा दोन बोटांत, श्वास बंद.
एकदा घामानं दोन पानं चिकटली, एकदमच उलटली.
ती थांबली नाही.
मधलं पान तिनं कुठून तरी आणून वाजवलं
आणि घरी आल्यावर माझा कान धरला.

मिस पर्थला गेली, चौदा पेट्या घेऊन.
टकटक करणारं लाकडी यंत्र तेवढं ताईला दिलं.
ते आईच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी.
"काय उगीच टकटक करू राह्यलं वं हे?"
म्हणत म्हणत आई
त्याच ठेक्यावर कळण्याच्या भाकरी थापायची.

मग मुंबईतलं बक्षीस, मग लाइपझिग.
पोस्टरवर कुमुद बऱ्हाटेचं 'बराते' झालं.
तिची पत्रं मी मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये
खंडव्याच्या अलीकडे सिग्नल मिळेपर्यंत वाचायचो.
टाळ्या सहा मिनिटं, म्हणून लिहायची.
नंतर हॉटेलच्या बेसिनमध्ये ब्लाउज धुतला,
उकडलेलं अंडं खाल्लं, झोपले.
आई गेली ती तार तिला तिसऱ्या दिवशी मिळाली.
त्या रात्रीही कार्यक्रम होता. झाला.
आणि एका पत्राच्या तळाशी, बारीक अक्षरात:
'आता सगळं पाठ वाजवते, समोर कागद नसतो.
तरी पान संपायच्या जागी मान हलतेच.
इथले समीक्षक त्याला भावावस्था म्हणतात.'

बावन्नाव्या वर्षी अनामिका वळायला लागली,
आपोआप, तळव्याकडे, लाजाळूसारखी.
बटण लावताना नाही. चमचा धरताना नाही.
फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर.
डॉक्टर म्हणाले, बोट ठीक आहे,
मेंदूतला बोटाचा नकाशा पुसट झालाय.
एक वर्ष तिनं एकट्या डाव्या हातावर काढलं.
मग दोन बॅगा घेऊन सहा नंबर फलाटावर उतरली,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"गाळी लेट झाली रे."
पस्तीस वर्षांत तिचा ळ
हलला नव्हता.

तिला हॉल दाखवायला नको होता.
लग्नाच्या खुर्च्यांच्या थप्पीमागे पियानो,
वाळवीनं एक पाय खाल्लेला, अर्ध्या तारा नाहीत.
तिनं खालची फळी काढली, आत हात घातला.
मडकं होतं. तळाला पांढरा खार.
"भरत नाहीस का?" एवढंच विचारलं.
मी पासष्ट वर्षांचा, रिटायर्ड गार्ड,
काय सांगणार,
ड्यूटी होती?

शिकवशील का, म्हणून लोक येतात.
चहा देते, नाही म्हणते.
सकाळी आम्ही टेबलावर एकच पेपर वाचतो.
तिची बोटं मेणकापडावर,
नऊ चालतात, एक दुमडून बसतं.
मी केळीच्या भावापर्यंत पोचलेला असतो,
रावेरचा वाचलेला, यावलचा राहिलेला,
तेवढ्यात तिची मान हलते.

मी पान उलटतो.